कागदातली द्राक्षं आणि पाटावरची सायकल

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मोहाडीच्या अलीकडे एका बागेच्या बांधाला सायकल टेकवली आणि दहा मिनिटं पेपर वाचला. शिळा. बागेतल्या प्रत्येक घडाला रद्दीचा कागद गुंडाळून वर पिन मारलेली होती. एका घडावर सोन्याचे भाव, शेजारच्यावर निधनवार्ता, तीही ‘यांचे अल्पशा’ इथे दुमडलेली. तिसऱ्यावर कुठल्यातरी क्लासची जाहिरात, त्यात पहिली आलेली मुलं रांगेत हसतायत आणि त्यांच्या मागे थॉमसन जातीच्या द्राक्षाचा अर्धा किलोचा घड.

हे का करतात ते आमच्या भागात पोरांनाही माहीत आहे. रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी चांगलं ऊन पडलं की पांढऱ्या द्राक्षाचे मणी गुलाबी पडायला लागतात. ‘पिंक बेरी’ म्हणतात. चवीला काही बिघडत नाही, पण निर्यातीचा व्यापारी तो माल घेत नाही. मग एकरी हजारो घड एकेक करून कागदात बांधायचे. गाडीतून जाणाऱ्याला अशी बाग पांढरट दिसते, काहीतरी फुललंय असं वाटतं. मोटारसायकलवरून कागद आहे एवढं कळतं. वाचायचा असेल तर मात्र सायकलच हवी, आणि तीही माझ्यासारख्याची, ताशी चौदाच्या वर न जाणारी.

मी ओझरचा. ओझर मिग म्हटलं की नाशिककरांना लगेच कळतं. १९६४ साली मिग-२१ साठी इथे कारखाना निघाला आणि गावाच्या नावाला विमान चिकटलं ते चिकटलंच. त्याच कारखान्यात मी फिटर म्हणून लागलो, हायड्रॉलिक्सवर आयुष्य काढलं आणि २०२३ मध्ये साठीला बाहेर पडलो. मिग-२१ माझ्यानंतर दोन वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबरात, हवाई दलातून निवृत्त झालं. त्याला सलामी वगैरे मिळाली. मला एक घड्याळ मिळालं, आणि पुण्याच्या मुलीने आग्रहाने घ्यायला लावलेली ही सायकल.

ग्रॅव्हल बाइक. हँडल रेसच्या सायकलीसारखं वाकडं, टायर मात्र ४० मिलिमीटर रुंद, खाचांचे, आत ट्यूब नाही, नुसतं पांढरं द्रावण. ग्रॅव्हल म्हणजे खडी, पण आमच्याकडे खडी कमी आणि मुरूम जास्त. मुरूम नसेल तिथे काळी माती. शेजारच्या काकांनी किंमत विचारली. मी निम्मी सांगितली, तरी ते म्हणाले, “एवढ्यात जुनी स्कूटर आली असती.”

नाशिकचं सायकलीतलं नाव तसं फार मोठं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांची टीम करून रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, त्यानंतर तर शहरात सायकलीचं वारंच सुटलं. पहाटे मुंबई-आग्रा हायवेवर लाल दिवे लुकलुकत जाणाऱ्या रांगा दिसतात, माझ्या ओळखीचे कितीतरी त्यात असतात. मी एकदा गेलो होतो. एक कंटेनर इतका जवळून गेला की हवेनेच सायकल हलली. त्या दिवशी घरी येऊन चहा पिताना ठरवलं की आपला रस्ता पाटाचा.

पाट म्हणजे कालवा. कॅनॉलही म्हणतात. दिंडोरीच्या पलीकडे वाघाड धरण आहे, त्याचा उजवा कालवा चाळीस किलोमीटरच्या वर वळसे घेत घेत मोहाडी-ओझरच्या बाजूला येऊन संपतो. त्याच्या भरावावरून मुरमाचा रस्ता जातो, मूळ पाटबंधारे खात्याच्या जीपसाठी केलेला. आता त्यावर शेतकऱ्यांचे छोटे ट्रॅक्टर, शाळेची पोरं, म्हशी आणि मी. पाण्याला चढ चढता येत नाही, त्यामुळे पाट डोंगराच्या कुशीकुशीने, समपातळीची रेघ धरून चालतो आणि त्याच्याबरोबर रस्ताही. साठीच्या गुडघ्यांसाठी याहून चांगली सोय सरकारला मुद्दाम करायची म्हटली तरी जमली नसती. वरच्या बाजूला कोरडवाहू माळ, खालच्या बाजूला हिरवीगार बाग. कालव्याची एक रेघ आणि दोन्हीकडे दोन वेगळे देश. उत्तरेला हवा स्वच्छ असेल तर सातमाळ्याची रांग दिसते, त्यात धोडपचं ते तासल्यासारखं डोकं लगेच ओळखू येतं.

जानोरीच्या बाजूला विमानतळाची धावपट्टी आहे. तिकडून सुखोई उठला की बागेतल्या बायका मान वर करत नाहीत, मी करतो. आवाजावरून आफ्टरबर्नर लागला का ते अजून कळतं. त्या आवाजात काही चुकतंय का हे ऐकायची सवय जाता जात नाही.

दुसरी सवय तारांची. कारखान्यात धावपट्टीवर सगळ्यांनी एका ओळीत, मान खाली घालून चालायचं असायचं. खडा, नट, वायसरचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचं, कारण तेवढंच इंजिनात ओढलं गेलं तर कोट्यवधींचं नुकसान. पाटावरही मी तसाच जातो. द्राक्षाची बाग म्हणजे लोखंडी अँगल आणि मैलोन्‌मैल तार. बांधणी-ताणणी करताना कापलेले तारेचे तुकडे रस्त्यावर पडतात, दोन बोटं लांबीचे, टोकाला तिरके कापलेले. बाभळीचा काटा द्रावण बुजवतं. तार आत घुसून टायरच चिरते. पुढच्या पिशवीत एक जुनी प्लॅस्टिकची डबी ठेवली आहे, दिसला तुकडा की थांबून डबीत टाकतो. गेल्या हिवाळ्यात दोन डब्या भरल्या. बायको म्हणते भंगारवाल्याला तरी दे. पण मोजून ठेवलेली वस्तू देववत नाही.

एवढी काळजी तारांची घेतली, आणि फसवलं ते काडीने.

मागच्या ऑक्टोबरची गोष्ट. आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा वेल पार बोडका करतात, आणि ऑक्टोबरच्या आसपास फळाची. युरोपात वेल थंडीत झोपतो आणि सप्टेंबरच्या सुमाराला माल निघतो. आपल्याकडे थंडीच पुरेशी नसते, म्हणून माणसाने कात्री लावून वेलाला ऋतू शिकवायचा आणि माल जानेवारी ते एप्रिलमध्ये घ्यायचा. छाटलेल्या काड्या बांधावर, बांधावरून रस्त्यावर. बोटाएवढ्या जाड, वीतभर लांब, गाठीगाठींच्या. मी त्यांच्यावरून निवांत चाललो होतो. एक काडी पुढच्या चाकाखाली उभी झाली, मागच्या चाकाच्या तारांत शिरली, तिथून डिरेलरमध्ये, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या गिअरच्या यंत्रात, आणि ‘कट्’ असा कोरडा आवाज आला. पायाला एकदम काही लागेना.

डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर तुटला होता. अंगठ्याएवढा मऊ अॅल्युमिनियमचा तुकडा. तो मुद्दाम कमकुवत करतात, म्हणजे धक्का बसला की तो जावा आणि फ्रेम वाचावी. आमच्याकडे शिअर पिन असायची तसंच. डिझाइन करणाऱ्याला मनातल्या मनात दाद दिली, मग आठवलं की जादाचा हँगर घरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. काम झाल्यावर एकेक पाना मोजून ठेवायला ज्याने शंभर पोरांना शिकवलं, तो माणूस आठ किलोमीटरवर स्पेअर विसरून उभा.

बागेत एक जोडपं काम करत होतं. हातात रबरी मोजे, डब्यात औषध आणि स्पंजने काडीच्या डोळ्या-डोळ्यांवर लावणं चाललेलं. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, त्याला सगळे नुसतं ‘पेस्ट’ म्हणतात. बाई आधी आल्या.

“पडले का काय भाऊ?”

“नाही वहिनी, सायकलच मोडली.”

त्यांचे यजमान आले, वाकून बघितलं. “एवढुसं तुटलं न् एवढी महाग सायकल बंद?”

मी म्हटलं, “साहेब, विमानाचंही असंच असतं.”

त्यांनी तार ताणायची पक्कड आणली, मी माझी साखळी तोडायची कळ काढली. डिरेलर सोडवून पिशवीत टाकला, साखळी कापून आखूड केली, मधल्या एका चक्रीवर बसवली. गिअरची सायकल बिनगिअरची झाली. पक्कड धरताना त्यांनी मोजे काढून, हात दोनदा साबणाने धुऊन मग धरली. वहिनींनी चहाचा कप स्वतः दिलाच नाही, पोरीला हाक मारून तिच्या हातून दिला. “आमच्या हाताला लागलेलं आहे,” म्हणाल्या. साहेबांनी अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला आणि हसले, “पेस्ट लावली का आठवडाभर हे बंद. नाहीतर माणूस लाल होतो, छाती धडधडते, दवाखाना दाखवावा लागतो.” खरं आहे ते. हे रसायन अंगात गेलेलं असताना दारू घेतली की शरीराला ती पचवता येत नाही. द्राक्षांच्या, त्यातून वाइनच्या तालुक्यात हंगामाची सुरुवात सक्तीच्या दारूबंदीने होते, याची मला फार गंमत वाटते.

घरी येईपर्यंत साखळी दोनदा उतरली. आता हँगर खोगिराखालच्या पिशवीत असतो. दोन.

वाइनवरून आठवलं. पुण्या-मुंबईचे ओळखीचे लोक विचारतात, “तू वाइन कंट्रीत सायकल चालवतोस ना?” हो, चालवतो. पण त्यांच्या डोळ्यांसमोर गंगापूर धरणाकडचा शनिवार-रविवार असतो, जिथे गाड्यांच्या रांगेत सायकल घालणं म्हणजे सजा. तिकडे सुला ही वायनरी आहे. १९९७ मध्ये वेल लावले, २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, दिंडोरी तालुक्यात शाँदों ही वाइन कंपनी आली. पण माझ्या वाटेवरच्या बहुतेक बागा खायच्या द्राक्षांच्या आहेत. दोन्हींतला फरक खोगिरावरून ओळखता येतो. खायच्या द्राक्षाला मांडव असतो किंवा इंग्रजी वायच्या आकाराचे अँगल, वर पानांचं छप्पर, घड खाली लोंबतात. वाकून, खालून बघायचं. वाइनची बाग हिरव्या भिंतींसारखी उभी असते, एकामागे एक, मधून आरपार दिसतं. घड लहान, मणी हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे, सालीला जाड आणि आत बिया. तोंडात टाकलं तर इतकं गोड की दचकायला होतं. बाजारातलं द्राक्ष सतरा-अठरा ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे साखरेचं माप) तोडतात, हे बाविसाच्या पुढे जाऊ देतात.

मला हे शिकवलं मेहुण्याने. मोहाडीच्या पुढे मी पाट सोडतो आणि शेतवाटांनी पालखेडच्या धरणाला वळसा घालून खेडगावला त्याच्याकडे जातो. तिथे पोहे आणि झापणं असं दोन्ही मिळतं. (“दाजी, या वयात डोक्याला हे टोपडं घालून फिरता, लोक मला विचारतात.”) त्याने २००४ मध्ये एक एकर शिराझ लावली होती. एका वायनरीशी करार होता, भाव ठरलेला, तीन-चार वर्षं पैसे वेळेवर आले. मग २००८-०९ ला मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, सगळ्यांच्याच टाक्या भरलेल्या. त्याचा माल वेलीवर असताना वायनरीचा फोन आला की यंदा नको. खायच्या द्राक्षाला निदान बाजार असतो, पडेल भावाने का होईना. बियांचं, जाड सालीचं द्राक्ष पिंपळगावच्या बाजारात कोण घेणार? पुढच्या उन्हाळ्यात त्याने सगळी उपटली. त्या काळात असे किती एकर उपटले गेले ते या पट्ट्यात घरोघरी ऐकायला मिळतं. आता परत वाइनची लागवड वाढली आहे, शेजाऱ्याने केली आहे. मेहुणा ऐकून घेतो आणि विषय बदलतो. त्या बागेचं एक खोड त्याच्या गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलेलं आहे.

गंमत म्हणजे पाच वर्षं वाइनची द्राक्षं पिकवून वाइन त्याने चाखलीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी मुलीने दिवाळीला दिंडोरी नावाची शिराझ आणली. बाटली हातात घेऊन त्याने लेबल दोनदा वाचलं. “तालुक्याचं नाव आहे की!” एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला, गिळला.

“कशी आहे?”

“तुरट. पेरूचं पान चावल्यासारखी.” मग थोडं थांबून, “हे लोक पैसे देऊन पितात ना?”

ग्लास मात्र त्याने संपवला.

कोणी या वाटेने येणार असेल तर एवढंच सांगेन, की पावसात येऊ नका. काळी माती टायरला चिकटते, टायरवरून फ्रेममध्ये जाते आणि अकरा किलोची सायकल पंचवीस किलोची होऊन जागेवर थांबते. ढकलताही येत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, सकाळी सातनंतर. त्याआधी निफाडकडून येणारी थंडी बोटं वाकू देत नाही. अशा पहाटे लोक बागेत शेकोट्या पेटवतात, धूर जमिनीलगत आडवा पसरतो. हवेत ढग आले की डाउनी हा बुरशीचा रोग येईल म्हणून फवारणीचे ब्लोअर सुरू होतात. ट्रॅक्टरच्या मागचा तो पंखा दिसला, की वारा कुठून आहे ते बघायचं आणि उलट्या बाजूला लांब उभं राहायचं. फवारणी करणाऱ्याने तोंडाला नुसता रुमाल बांधलेला असतो. आपण पाच मिनिटांत निघून जातो. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांचा सगळा हंगाम तिथेच जातो. त्यांची पोरं पाटाच्या कडेला खेळतात. माझी घंटा वाजवायला सगळ्यांना एकेक पाळी द्यावी लागते, आणि पाळी चुकवलेली चालत नाही.

या पाटाचीही एक गोष्ट आहे. शेवटच्या टोकाला असलेल्या ओझरला पूर्वी पाणी पोचायचंच नाही, वरचेच उचलून घ्यायचे. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र करून १९९०-९१ च्या सुमाराला तीन पाणी वापर संस्था काढल्या. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. खात्याकडून पाणी मोजून घ्यायचं आणि आपसात आपणच वाटायचं. पुढे वाघाडच्या अख्ख्या लाभक्षेत्रात अशा चोवीस संस्था झाल्या. मी तेव्हा कारखान्यात तीन पाळ्यांत होतो, गावात काय चाललंय याचा पत्ता नव्हता. आता मोरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांकडून ऐकतो, आणि प्रत्येक जण बैठकीत ‘मी उठून बोललो’ इथून सुरुवात करतो.

परवा खेडगावहून परतताना मोहाडीच्या खाली पाट कोरडा होता. तळाला भेगा पडलेल्या, त्यात प्लॅस्टिकचे क्रेट आणि एक चप्पल. एका वळणानंतर पुढे बगळे दिसले, वीस-पंचवीस, पाटाच्या तळातून ओझरच्या दिशेने शिस्तीत चाललेले. त्यांच्या मागे पाणी. आवर्तन सुटलं होतं, धरणातून पाळीचं पाणी. पाण्याचं तोंड मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. वीतभर उंचीची तपकिरी लाट, तिच्यापुढे वाळलेली पानं, काड्या, फेस आणि जीव घेऊन पळणारे किडे. भेगा आल्या की पाणी थबकायचं, आत उतरून त्या भरायचं, बुडबुडे सोडायचं आणि मग पुढे. बगळ्यांना पळायची गरज नव्हती, जेवण समोरून चालत येत होतं. मी सगळ्यात हलका गिअर लावला तरी पाण्याच्या पुढे जायला लागलो, म्हणून उतरून सायकल हातात धरून चाललो. अर्धा-पाऊण तास तसाच.

मग भूक लागली. पाण्याला तिथेच सोडून पुढे निघालो. ओझरच्या अलीकडच्या चारीवर एक जण फावडं मांडीवर आडवं ठेवून गेटवर बसला होता.

“कुठवर आलं?” नमस्कार-चमत्कार काही नाही.

“वडाच्या मोरीपाशी सोडलं मी.”

त्याने सूर्याकडे बघितलं. “दीड तास.”

पिशवीत मेहुण्याच्या बायकोने दिलेले दोन थालीपीठ होते. एक त्याला दिलं, एक मी घेतलं. त्याने सायकलीचे टायर दाबून बघितले, हवा कमी आहे म्हणाला. मी म्हटलं पस्तीसच ठेवतो, मुरमात बरं पडतं. ते त्याला पटलं नाही. वर सुखोई गेला, आमचं बोलणं तेवढ्यापुरतं थांबलं.

पाणी यायला एक तास पन्नास मिनिटं लागली. मी घड्याळात बघून तसं सांगितलं. “गवत माजलंय पाटात, यंदा साफच केला नाही,” एवढं म्हणून तो फावडं घेऊन खाली उतरला.